मिठाऐवजी ब्लीचिंग पावडर : ठाणे-नवी मुंबईत कुत्र्याच्या पंजांची निगा

कुत्र्याच्या पंजांची निगा कशी राखावी, हे इंटरनेटवर शोधायला बसले की समोर येणारा बहुतेक सल्ला बर्फाळ देशांतला असतो. तिकडे हिवाळ्यात पदपथांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते कधी साधे सोडियम क्लोराइड असते, तर कधी कॅल्शियम क्लोराइड. मीठ तळव्यातला ओलावा ओढून घेते, त्यामुळे गादी कोरडी पडून तिला भेगा जातात. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळताना उष्णता सोडते, त्यामुळे ओल्या कातडीला ते पोळूही शकते. घरी आल्यावर कुत्र्याने पंजे चाटले की तेच क्षार पोटात जातात आणि उलट्या, जुलाब, सतत लागणारी तहान असा त्रास सुरू होतो. न्यू जर्सीत राहणारी बहीण हौसेने मेणाची डबी आणि चार रबरी बूट पाठवते, ते या त्रासावरचे उपाय असतात.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बर्फ पडत नाही, त्यामुळे रस्त्यावर मीठही पडत नाही. मात्र रस्त्यावरचे रसायन पंजाला लागणे आणि तिथून जिभेवाटे पोटात जाणे, ही साखळी आपल्याकडेही तशीच आहे. आपल्याकडे मिठाची जागा गटाराच्या कडेने मारलेली ब्लीचिंग पावडर, लॉबी पुसायचे फिनाईल आणि ओले सिमेंट यांनी घेतलेली आहे. त्यात चार महिन्यांचा पाऊस आणि उन्हाळ्यात तापलेले डांबर यांची भर पडते. म्हणून तिकडच्या सल्ल्यातले एक काम जसेच्या तसे उचलावे, ते म्हणजे घरी आल्याबरोबर पंजे धुणे. आणि आपल्या दमट हवेसाठी त्याला दुसरे जोडावे, ते म्हणजे बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या करणे. बूट, मेण आणि मलमे यांचा विचार त्यानंतर करावा.

पांढरी पावडर आणि फिनाईल

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या कंपाउंडलगत, कचऱ्याच्या डब्यांभोवती आणि गटारांच्या कडेने पांढऱ्या पावडरीच्या रेघा दिसू लागतात. यातला मुख्य घटक म्हणजे क्लोरीनयुक्त चुना. अनेक ठिकाणी त्यात साधा चुनाही मिसळलेला असतो. कोरड्या रस्त्यावरून कुत्रा पटकन पुढे निघून गेला तर फारसे बिघडत नाही. पण पंजा ओला असेल किंवा पावडर भिजून तिचे ढेकूळ झालेले असेल, तर ती बोटांच्या बेचक्यांत चिकटून बसते. हे द्रव्य अल्कधर्मी असल्यामुळे कातडी हुळहुळते, लाल होते आणि जास्त वेळ राहिल्यास तिथे जखम होते. कुत्र्याला नेमके तिथेच चाटावेसे वाटते आणि मग तोंडातून लाळ गळणे, उलटी होणे, ओठ व हिरड्या लाल होणे हा पुढचा भाग सुरू होतो.

यावर पहिला उपाय घराबाहेरचा आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींशी आणि हाउसकीपिंगच्या सुपरवायझरशी एकदा नीट बोलून घ्यावे. पावडर गटाराच्या आत आणि डब्याखालच्या ओल्या जागी टाकावी, चालण्याच्या वाटेवर आणि पेव्हर ब्लॉकवर उधळू नये, एवढीच विनंती असावी. ‘कुत्र्यासाठी’ म्हणून मागितले तर कमिटीत नाके मुरडली जातात, असा माझा अनुभव आहे. त्याच वाटेवर संध्याकाळी लहान मुले खाली बसून खेळतात, हे सांगितले की काम लवकर होते. शिवाय कंपाउंडमध्ये राहणाऱ्या भटक्या कुत्र्यांचे पंजे कोणी धुणार नसते, त्यामुळे निदान त्यांना खायला घालण्याच्या जागेभोवती तरी ही पावडर पडू नये, हे पाहावे.

पंजाला पावडर लागलीच तर आधी कोरड्या फडक्याने ती झटकून काढावी आणि मग पंजा वाहत्या साध्या पाण्याखाली दहा ते पंधरा मिनिटे धरावा. बादलीत पाय बुडवून ठेवल्याने तेच रसायन पाण्यात फिरत राहते, म्हणून नळ किंवा मगाची धार बरी. अल्कलीवर आम्ल हा शाळेतला नियम इथे लावू नये. ब्लीचिंग पावडरीवर लिंबू किंवा व्हिनेगर पडले की क्लोरीन वायू सुटतो. पावडर तोंडात गेली असेल तर तोंड पाण्याने धुवावे, थोडे पाणी प्यायला द्यावे आणि पशुवैद्यांना फोन करावा. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये, कारण घसा आणि अन्ननलिका परतीच्या वाटेवर दुसऱ्यांदा पोळते.

फिनाईलचे प्रकरण त्यामानाने साधे आहे, पण ते रोजचे आहे. सकाळी लॉबी आणि जिना पुसण्याची वेळ आणि कुत्र्याला खाली नेण्याची वेळ बहुतेक इमारतींत एकच असते. पुसण्याची वेळ विचारून घ्यावी आणि फरशी वाळेपर्यंत थांबावे. ते जमत नसेल तर लहान कुत्र्याला लिफ्टपासून गेटपर्यंत उचलून न्यावे. घरातही मदतीला येणाऱ्या ताईंना फिनाईलचे प्रमाण कमी ठेवायला सांगावे आणि फरशी वाळेपर्यंत कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे, कारण उन्हाळ्यात तो गारव्यासाठी त्याच फरशीवर पोट टेकून पसरतो.

ओले सिमेंट

घोडबंदर रोडवर मेट्रोची कामे, नौपाड्यात आणि वाशी-नेरूळला जुन्या इमारतींचा पुनर्विकास, गल्लोगल्ली काँक्रीटचे नवे रस्ते, अशा परिस्थितीत सिमेंट चुकवून कुत्रा फिरवणे कठीणच आहे. वाळलेल्या, जुन्या काँक्रीटने काही होत नाही. ओल्या सिमेंटचा सामू (पीएच) मात्र बारा-तेराच्या घरात, म्हणजे खूपच अल्कधर्मी असतो आणि त्याने होणारी जखम फसवी असते. सुरुवातीला काहीच दुखत नाही, कुत्रा आनंदाने घरी येतो, आणि काही तासांनी तो एक पाय उचलून धरू लागतो. तोवर सिमेंट बोटांमध्ये वाळून घट्ट झालेले असते आणि त्याने केसांच्या गाठी बांधलेल्या असतात.

नवीन काँक्रीट रस्त्यावर पाणी धरून ठेवण्यासाठी छोटे बांध घालून वाफे करतात किंवा ओले गोणपाट अंथरतात. त्या वाफ्यांतले साचलेले पाणी दिसायला स्वच्छ असते आणि लॅब्रॉडरसारख्या पाणवेड्या कुत्र्याला तिथे उडी मारण्याचा मोह होतो. पण ते पाणी सिमेंटमधून उतरलेल्या चुन्यामुळे अल्कधर्मी झालेले असते. त्यात चालू देऊ नये आणि ते पिऊ तर मुळीच देऊ नये. मिक्सर ट्रक जिथे धुतात, तिथल्या करड्या ओघळांनाही हेच लागू आहे. सिमेंट लागल्याचे दिसताच घरी पोहोचण्याची वाट पाहू नये. सोबत असलेल्या बाटलीतले पाणी तिथल्या तिथे ओतावे. वाळलेले सिमेंट नखाने खरवडून काढू नये. कोमट पाण्याची धार सोडत ते मऊ करावे, आणि केसांत अडकलेले गोळे बोथट टोकाच्या कात्रीने केसांसकट कापून टाकावेत.

डांबराचे काम चालू असलेल्या रस्त्यावरून आल्यावर गादीला चिकटलेले डांबर काढण्यासाठी रॉकेल, पेट्रोल किंवा टर्पेंटाइन वापरण्याची पद्धत दिसते. ती धोक्याची आहे. खाण्याचे तेल किंवा व्हॅसलिन चोळून पाच-दहा मिनिटे ठेवावे, डांबर सैल झाले की कापडाने पुसून घ्यावे आणि नंतर कुत्र्याच्या शाम्पूने पंजा धुवावा. पार्किंगमध्ये गाडीखाली हिरवट किंवा गुलाबी पाण्याचे थारोळे दिसले तर ते कूलंट असण्याची शक्यता असते. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि थोड्या प्रमाणातही मूत्रपिंडे निकामी करते. त्यात पाय पडलेला कुत्रा चाटण्याआधी धुतला गेलाच पाहिजे, आणि त्याने चाटले असल्याची नुसती शंका आली तरी लक्षणे दिसण्याची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

धुणे आणि कोरडे करणे

दाराशी एक मग, एक उथळ टब आणि दोन जुने सुती पंचे कायमचे ठेवावेत. टर्किशच्या जाड टॉवेलपेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा चांगला, कारण त्याचे टोक पिळून बोटांच्या मधल्या फटीत घालता येते. पाणी साधे किंवा किंचित कोमट असावे. रोज शाम्पू किंवा साबण लावण्याची गरज नाही. रोजच्या साबणाने गादीचा स्वाभाविक स्निग्धपणा जातो आणि ती खरखरीत होते.

पंजा उलटा करून पाहिला तर चार बोटांच्या चार लहान गाद्या आणि मध्ये एक मोठी गादी दिसते. अंगठ्याने मोठ्या गादीवर हलका दाब दिला की बोटे आपोआप फाकतात. बोटांच्या मधल्या तीन बेचक्या सगळ्यांना दिसतात. पण पाणी आणि माती खरी साठते ती लहान गाद्या आणि मोठी गादी यांच्यामधल्या वळणदार खोबणीत, आणि पंचा तिथपर्यंत बहुधा पोहोचत नाही. पंच्याचे टोक त्या खोबणीतून एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने ओढून घ्यावे. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जरा वर, पाचवे नख असते. त्याच्या मागेही चिखल राहतो. पहिल्या पंच्याने पाणी टिपावे आणि दुसऱ्या, पूर्ण कोरड्या पंच्याने पुन्हा एकदा सगळे पुसावे. शेवटी बेचकीत स्वतःचे बोट घालून पाहावे. बोटाला ओल लागली तर काम पुरे झालेले नाही. लांब केसांच्या कुत्र्यांसाठी हेअर ड्रायर चालतो, परंतु गार हवेवर आणि हातभर अंतरावरून.

शित्झू, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन अशा जातींच्या तळव्यांतून केसांचे झुबके बाहेर येतात. ते गादीच्या पातळीला आणून कापावेत. खोल जाऊन भादरू नयेत, कारण कातडीला बारीक कापले तर जंतूंना तीच वाट मिळते. नखे वाढलेली असतील तर बोटे वाकडी पडतात आणि बेचक्या आवळल्या जातात, म्हणून फरशीवर चालताना टकटक आवाज येऊ लागला की ती कापून घ्यावीत. पंजे धरू न देणाऱ्या कुत्र्याला रोज एकाच क्रमाने पाय धुण्याची सवय लावावी आणि शेवटचा पाय पुसून झाल्यावरच खाऊ द्यावा. चारही पाय पहिल्याच दिवशी धुण्याचा हट्ट धरला तर तो बाथरूमचे नाव काढताच पलंगाखाली जातो.

पावसाळ्यातल्या चिखल्या

ठाण्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि दोन सरींच्या मधल्या काळातही हवा ओलीच असते. सतत बोटे भिजली की माणसाला जशा चिखल्या होतात, तसाच प्रकार कुत्र्यांमध्येही दिसतो. बेचकीतली कातडी आधी पांढुरकी आणि मग लाल होते, आंबूस वास येऊ लागतो, आणि पांढऱ्या किंवा फिकट केसांच्या कुत्र्याच्या पंजावरचे केस लाळेमुळे तांबूस-तपकिरी दिसू लागतात. यीस्ट आणि जिवाणू दोन्ही या ओलीवर पोसले जातात. लॅब्रॉडर, पग, बुलडॉग यांच्या बोटांमध्ये पू धरणारे फोडही येतात. एकाच पंजाला त्रास असेल तर काटा, काच किंवा गोचीड शोधावी. चारही पंजे पावसाळा संपल्यावरही लाल राहत असतील तर मूळ कारण ॲलर्जीचे असू शकते, आणि ते नुसत्या धुण्याने जात नाही.

या अवस्थेत घरगुती प्रयोग फार होतात. हळद-तेलाचा लेप ओल अडकवून ठेवतो. टी ट्री ऑइल चाटले गेल्यास विषारी ठरते. झिंक ऑक्साइड असलेली मलमे आणि पावडरी पोटात जाणे वाईट. घरातले जंतुनाशक द्रव पुरेसे पातळ न करता लावले तर कातडी आणखी जळते. आणि माणसांच्या खाजेसाठी मेडिकलमधून आणलेल्या मलमांत बरेचदा स्टेरॉइड असते, त्याने दोन दिवस बरे वाटून नंतर संसर्ग वाढतो. पशुवैद्य क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेले वाइप्स किंवा शाम्पू लिहून देतात. असा औषधी शाम्पू लावून सुमारे दहा मिनिटे तसाच ठेवावा लागतो. लावला आणि लगेच धुतला तर तो वाया जातो.

साचलेल्या पाण्याचा दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा आहे. उंदीर-घुशींच्या मूत्रातले जंतू पाण्यात उतरतात आणि भेग पडलेल्या किंवा खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोची मोठी साथ आली होती, हे अनेकांना आठवत असेल. कुत्र्याची लेप्टोची लस दर वर्षी पावसाळ्यापूर्वी घेतली आहे ना, हे कार्डावर तपासावे, आणि आपल्या हाताला जखम असेल तर त्याचे पंजे धुताना हातमोजे घालावेत. गुडघाभर पाण्यातून कुत्र्याला नेऊ नये. त्या पाण्याखाली उघडे चेंबर आणि विजेच्या तारा असण्याची भीती वेगळीच. गवतातून आल्यावर बेचक्यांत गोचीड शोधावी. बोटांच्या मधली मऊ, उबदार जागा तिला आवडते, आणि गोचीड ताप आपल्याकडे वर्षभर आढळतो.

तापलेला रस्ता

मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये प्रश्न उलटा होतो. हवेचे तापमान ३५ अंश असताना उन्हातले डांबर ५० अंशांच्या सहज वर जाते. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला ठेववत नसेल तर कुत्र्यालाही तिथे चालवू नये. सूर्य मावळल्यावर रस्ता लगेच निवत नाही, म्हणून संध्याकाळी सहाच्या फेरीपेक्षा रात्री साडेआठची फेरी बरी आणि सकाळी सातच्या आतली सर्वांत उत्तम. पोडियमवर अंथरलेले कृत्रिम गवत हिरवे दिसते, पण उन्हात ते डांबराइतके, कधी त्याहूनही अधिक तापते. चेंबरची लोखंडी झाकणे आणि कामाच्या जागी टाकलेल्या लोखंडी प्लेटा यांच्यावरून तर कुत्र्याला नेऊच नये. उपवन तलावाकाठी किंवा पाम बीच रोडलगत झाडांची सावली धरून चालता येते, परंतु गाडीपासून तिथपर्यंतचे अंतर बहुधा उन्हातलेच असते, याचा हिशेब आधी करावा.

पंजा भाजला की गादीचा रंग गडद होतो, फोड येतो किंवा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. अशा वेळी पंजावर किमान दहा मिनिटे गार पाण्याची धार धरावी. बर्फ, टूथपेस्ट, तूप यांपैकी काहीही लावू नये. सुटलेला पापुद्रा ओढून काढू नये. त्यावर स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखान्यात न्यावे.

बूट आणि मेण

कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळव्यांतून. बंद रबरी बुटात आपल्या हवेत अर्ध्या तासात पंजा आतून ओला होतो, आणि पावसाळ्यात तर ज्या ओलीपासून वाचवायचे तीच आपण आत कोंडतो. म्हणून रोजच्या फेरीसाठी बूट घ्यावेत असे मला वाटत नाही. पंजाला जखम किंवा पट्टी असेल, किंवा बांधकामाजवळून जाण्यावाचून गत्यंतर नसेल, तेव्हा थोड्या वेळासाठी ते उपयोगी पडतात. माप घेताना कुत्र्याला कागदावर पूर्ण वजन देऊन उभे करावे, कारण उचललेला पंजा अरुंद दिसतो. घरी येताच बूट काढून पंजे पुसावेत आणि बूटही आतून वाळवावेत.

मेण किंवा व्हॅसलिन कोरड्या, भेगाळलेल्या गादीवर, रात्री, अगदी पातळ लावावे. आपल्याकडे त्याचा खरा हंगाम डिसेंबर-जानेवारी आहे. पावसाळ्यात बेचक्यांत ते लावू नये. खोबरेल तेल चालते, पण कुत्रा ते आवडीने चाटतो आणि प्रमाण जास्त झाले तर दुसऱ्या दिवशी पोट बिघडते.

सणांच्या दिवसांत वाट थोडी बदलावी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री रस्त्यावर टाकलेल्या फुलबाज्यांच्या तारा विझल्यासारख्या दिसतात, तरी बराच वेळ गरम असतात; सकाळी त्याच तारा आणि न फुटलेल्या फटाक्यांची दारू पंजाला लागते. संक्रांतीच्या आसपास मांजाचे तुकडे बोटांभोवती गुंडाळले जातात, आणि केसाळ पंजात ते सूज येईपर्यंत दिसत नाहीत.

पशुवैद्यांकडे केव्हा जावे, याचे उत्तर सोपे आहे. कुत्रा एक पाय टेकत नसेल, गादीतून रक्त किंवा पू येत असेल, बोट सुजले असेल, दोन दिवस कोरडे ठेवूनही चाटणे थांबत नसेल, तर आणखी वाट पाहू नये. उलट्या, लाळ, थरथर किंवा सुस्ती ही लक्षणे पंजाला काही लागल्यानंतर दिसली तर ती विषबाधा समजून त्याच वेळी निघावे. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आधीच शोधून नंबर फोनमध्ये ठेवावा. निघताना कुत्र्याच्या गळ्यात चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर घालून त्याचे चाटणे थांबवावे, आणि वॉचमनच्या केबिनमागे किंवा स्टोअररूममध्ये ज्या पिशवीतली पावडर किंवा ज्या कॅनमधले फिनाईल त्या दिवशी वापरले गेले, तिच्यावरच्या लेबलाचा फोटो काढून सोबत न्यावा, म्हणजे नेमक्या कोणत्या रसायनावर उपचार करायचा हे डॉक्टरांना लगेच कळते.